क्लबने पगार थकवलाय? 'बॅट'कडे अर्ज करण्याआधी हे वाचा

युरोपात किंवा आणखी कुठे प्रो बास्केटबॉल खेळणाऱ्याचा पगार क्लबने बुडवला, तर दाद मागायची जागा म्हणजे बास्केटबॉल आर्बिट्रल ट्रिब्युनल, सगळे बॅटच म्हणतात. फिबाने, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने, हा लवाद 2007 मध्ये सुरू केला, जिनिव्हात. एनबीएवाल्यांचा इथे संबंध नाही, त्यांचे पगाराचे आणि सॅलरी कॅपचे (संघाच्या एकूण पगारावरच्या मर्यादेचे) वाद खेळाडूंच्या युनियनशी झालेल्या करारातल्या लवादांकडे जातात.

पात्रता म्हणाल तर खेळाडू, कोच, एजंट, क्लब कोणीही अर्ज करू शकतं, फक्त करारात बॅटचं कलम, म्हणजे वाद झाला तर बॅटकडे जायचं असं लिहिलेलं हवं. ते नसेल आणि क्लब नंतर राजी झाला नाही (कशाला होईल?) तर विषय तिथेच संपला. आणि लोक सगळ्यात जास्त इथेच आपटतात, कारण बऱ्याचदा करार दोन असतात, एक खरा इंग्रजीतला आणि दुसरा तिथल्या भाषेतला, त्या देशाच्या बास्केटबॉल फेडरेशनकडे नोंदणीसाठी, ज्यात आकडा लहान आणि वाद झाला तर फेडरेशनच्या कमिटीकडे जा असं लिहिलेलं. "फॉर्मॅलिटी आहे रे" म्हणून पोरगं सही ठोकतं आणि पुढे क्लबचा वकील नेमका तोच कागद काढतो. म्हणून दोन्हीत फरक पडला तर इंग्रजी करारच धरायचा, हे एक वाक्य आधीच घालून घ्या.

अर्ज इंग्रजीत, सोबत कराराची प्रत, थकबाकीचा हिशोब आणि सगळे पुरावे. प्रत्यक्ष सुनावणी क्वचितच होते, जवळपास सगळं कागदावर चालतं, त्यामुळे बँक स्टेटमेंट, क्लबला पाठवलेले मेल, मॅनेजरचे "पुढच्या आठवड्यात देतो"वाले मेसेज, सगळं तारखेनिशी लावा. इतर भाषेतल्या कागदाला इंग्रजी भाषांतर जोडा. व्याज हवं असेल तर तसं लिहा, न मागता कोणी देत नाही. आणि त्याच सीझनमध्ये दुसऱ्या क्लबकडून खेळला असाल तर तो करार लपवू नका, जुन्या कराराच्या उरलेल्या महिन्यांच्या पगारातून ती कमाई साधारणपणे वजा होतेच, लपवलेली सापडली तर तुमच्या बाकीच्या शब्दावरही कोण विश्वास ठेवणार.

आता पैसे. अर्जाची फी दाव्याच्या रकमेनुसार असते आणि परत मिळत नाही. त्यानंतर खर्चापोटी आगाऊ रक्कम भरायची, साधारण निम्मी निम्मी, पण क्लब आपला हिस्सा भरतच नाही असं सर्रास होतं आणि मग तोही तुम्हालाच भरावा लागतो, नाहीतर प्रकरण पुढे सरकत नाही. पगार न मिळालेल्या माणसाकडूनच दोन्ही बाजूंचे पैसे मागायचे, हा न्याय कुणाला सुचला देव जाणे! जिंकलात तर निकालात तो खर्च बहुतेक वसूल होतो, पण तोपर्यंत हातात रोकड लागते, तयारी ठेवा.

मुदतीचा घोळ तर नेहमीचा. निकाल सहा आठवड्यांत लागतो असं ऐकून लोक अर्जाच्या तारखेपासून दिवस मोजत बसतात. ते सहा आठवडे कामकाज संपल्यावर किंवा आगाऊ रक्कम पूर्ण भरली गेल्यावर, यातलं जे नंतर होईल तिथून सुरू होतात, आणि तेही "साधारणपणे". उलट स्वतः मात्र वर्षानुवर्षं गप्प बसू नका, तुम्ही हक्क सोडला असंच क्लब म्हणणार.

एक नवशिक्यांसाठी: पगार उशिरा आला म्हणून थेट बॅग भरून निघू नका. किती दिवस उशीर चालेल आणि लेखी नोटीस कशी द्यायची हे बहुतेक करारांत दिलेलं असतं, ते न पाळता गेलात तर करार तुम्हीच मोडला म्हणून क्लब उलटा दावा ठोकतो.

निकाल देणारा लवाद सहसा एकच माणूस असतो आणि कुठल्या देशाचा कायदा न धरता न्याय्य काय ते बघून निकाल देतो. त्यावर अपील फक्त स्विस फेडरल कोर्टात, 30 दिवसांत, अगदी मोजक्या कारणांवर. निकालानंतरही क्लबने पैसे दिले नाहीत तर फिबाला लेखी कळवा. फिबा वसुली करून देत नाही, पण क्लबला दंड लावू शकते आणि नवीन खेळाडूंच्या नोंदणीवर बंदी घालू शकते, आणि सीझनच्या तोंडावर ही बंदी आली की "पैसे नाहीत" म्हणणाऱ्या क्लबला अचानक पैसे सापडतात.