जुन्या गाडीचा एसी: गॅस कोणता भरावा?

प्रीमियर पद्मिनी, अॅम्बॅसॅडर, काँटेसा, मारुती ८००, मारुती १००० अशा गाड्या आजही जीव लावून सांभाळणारी माणसं आमच्या पुण्यातल्या वर्कशॉपमध्ये नेहमी येतात. बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "गॅस संपलाय, भरून द्या." गॅस भरण्याआधी तुमच्याशी जे बोलायचं असतं, ते दर वेळी घाईत राहून जातं. म्हणून हे पत्रक.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, त्यामुळे तो संपतही नाही. कॉम्प्रेसर, कंडेन्सर (गाडीच्या तोंडाशी बसून गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी), ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारा डबा), एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि डॅशबोर्डखालची कूलिंग कॉइल अशा बंद वाटेनं तोच तो गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. कमी झाला, म्हणजे कुठूनतरी गळाला. घरच्या फ्रीजचा कॉम्प्रेसर पोलादी डब्यात कायमचा बंद असतो. गाडीचा कॉम्प्रेसर मात्र पट्ट्यावर फिरतो, त्याचा शाफ्ट बाहेर आलेला असतो आणि तिथं फक्त एक सील गॅस अडवून धरतं. इंजिन हलतं म्हणून पाइपही रबरी लागतात. त्यामुळे पाच-सात वर्षांत थोडा गॅस कमी होणं आम्ही समजू शकतो. दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल, तर तो गॅस तुमच्या पैशानं हवेत सोडला जातोय. शाफ्टचं सील, सांध्यांच्या ओ-रिंग (रबरी कड्या), दगड लागलेला कंडेन्सर किंवा ओल आणि धुळीनं खाल्लेली कूलिंग कॉइल, यांतलं काहीतरी गळत असतं. आम्ही आधी नायट्रोजनचा दाब देऊन ती जागा शोधतो. गळती सापडल्याशिवाय गॅस भरत नाही, तुम्ही आग्रह केलात तरी.

मूळचा गॅस: आर-१२

१९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत एसी बसलेल्या गाड्यांमध्ये जवळपास सगळीकडे आर-१२ असे. जुने मिस्त्री त्याला फ्रिऑन किंवा मॅफ्रॉन म्हणत, ही त्याच्या ब्रँडची नावं. गॅस म्हणून तो उत्तम होता: न पेटणारा, कॉम्प्रेसरच्या वंगणासाठी घातलेल्या साध्या मिनरल ऑइलबरोबर नांदणारा, कमी दाबावर चालणारा. पण त्यातला क्लोरीन वातावरणात उंचावर पोहोचून ओझोनचा थर खातो, हे मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये मांडलं. १९८७ मध्ये ओझोन वाचवण्यासाठी माँट्रियल करार झाला, १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला आणि १ ऑगस्ट २००८ पासून दम्याच्या इनहेलरचा अपवाद सोडता आपल्या देशात या वर्गातल्या (सीएफसी) वायूंचं उत्पादन थांबलं. तेव्हा आज कुणी "ओरिजिनल आर-१२, ताजा माल" म्हणून टिन दाखवला, तर तो घेऊ नका. आत काय आहे, हे त्या लेबलवरून कळणार नाही. बाजारातल्या बनावट गॅसमध्ये मिथाइल क्लोराइड सापडलेलं आहे. ते विषारी तर आहेच, पण अॅल्युमिनियमशी त्याची रासायनिक क्रिया होऊन हवेच्या नुसत्या स्पर्शानं पेट घेणारी संयुगं तयार होऊ शकतात. गाडीचा कंडेन्सर आणि कॉम्प्रेसरचं अंग अॅल्युमिनियमचंच असतं.

तुमच्या गाडीत मूळचा आर-१२ अजून शाबूत असेल आणि एसी गार करत असेल, तर त्याला हात लावू नका. चालू असलेली चांगली यंत्रणा नव्या गॅससाठी खोलण्यात काही शहाणपण नाही.

आम्ही काय भरतो: आर-१३४ए, पण पूर्ण तयारीनं

गॅस गेलेलाच असेल, तर जुन्या गाडीसाठी आमचा सल्ला आर-१३४ए. तो पेटत नाही, त्यात क्लोरीन नाही आणि तो कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतो. पृथ्वी तापवण्याची त्याची क्षमता शंभर वर्षांच्या हिशेबानं कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट धरली जाते, म्हणजे तोही निर्दोष नाही. आर-१२चा हाच आकडा दहा हजारांच्या वर जातो. गळती आधी बंद करण्याचा आमचा हट्ट निम्मा यासाठीही आहे.

खरी गोम तेलात आहे. आर-१२ मिनरल ऑइलमध्ये विरघळतो आणि फिरता फिरता तेल परत कॉम्प्रेसरला आणून देतो. आर-१३४ए मिनरल ऑइलमध्ये विरघळत नाही. नुसता गॅस बदलला, तर तेल कॉइलमध्ये साचून राहतं, कॉम्प्रेसर कोरडा पडतो आणि एखाद्या मोसमात जाम होतो. "१३४ए भरला आणि कॉम्प्रेसर गेला" असं ऐकून घाबरलेले बरेच ग्राहक आमच्याकडे येतात. अशा गाड्यांत दोष बहुधा गॅसचा नसतो, न बदललेल्या तेलाचा असतो. आम्ही जुनं तेल काढून एस्टर ऑइल घालतो. नव्या गाड्यांत पीएजी नावाचं तेल असतं, पण ते पाणी फार ओढतं आणि आर-१२च्या उरलेल्या अंशाशी त्याचं जमत नाही. एस्टर तेल जुन्याचा थोडा अंश राहिला तरी चालवून घेतं.

तेलाबरोबर ड्रायर नवा लागतो, कारण जुन्या ड्रायरमधले ओल शोषणारे दाणे आर-१३४ए आणि त्याच्या तेलासाठी केलेले नसतात. उघडलेल्या प्रत्येक सांध्याची ओ-रिंग बदलावी लागते. पाइप जुने, नुसत्या रबराचे असतील तर त्यातून आर-१३४ए हळूहळू झिरपतो. मग आतून नायलॉनचं अस्तर असलेले पाइप घालणं बरं. गॅस भरायचे सर्व्हिसचे नोझलही बदलतो, म्हणजे पुढच्या मिस्त्रीला चुकूनही दुसरा गॅस जोडता येणार नाही.

त्यानंतर व्हॅक्यूम, म्हणजे पंपानं आतली हवा आणि ओल ओढून काढणं, किमान पाऊण तास. पंप लावून गेज पाहणाऱ्या जाणकार ग्राहकांसाठी एक गोष्ट सांगतो. पुस्तकात पाऱ्याच्या २९ इंचांच्या वर व्हॅक्यूम लिहिलेला असतो, तो समुद्रसपाटीचा. पुणे सुमारे ५६० मीटर उंचावर आहे, इथं हवेचाच दाब कमी, त्यामुळे आपल्याकडे काटा २८च्या आसपास थांबतो. पंप खराब नाही. पंप बंद केल्यावर काटा तिथंच टिकतो का, हे पाहायचं.

गॅस आम्ही काट्यावर तोलून भरतो, गेज बघून अंदाजानं नाही. आर-१३४ए मूळच्या वजनाच्या ८० ते ९० टक्के लागतो. गाडीवरच्या पट्टीवर ८०० ग्रॅम लिहिलं असेल, तर साधारण ६५० ते ७०० ग्रॅम. "थोडा जास्त टाका, जास्त गार होईल" ही समजूत उलटी आहे. जास्त गॅसनं दाब चढतो आणि थंडावा कमी होतो.

आता आर-१३४एची कमतरता. कंडेन्सर ६० अंशांवर असताना आर-१२चा दाब सुमारे २०५ पीएसआय असतो, आर-१३४एचा जवळपास २३०. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो आणि तुम्ही स्वारगेटच्या सिग्नलला उभे असता, तेव्हा हा फरक जाणवतो. हायवेवर गाडी छान गार करते, ट्रॅफिकमध्ये थोडी कमी पडते. कंडेन्सरसमोर चांगला इलेक्ट्रिक पंखा, शक्य असेल तर नवा पॅरलल फ्लो कंडेन्सर आणि रेडिएटरमधली साफसफाई यांनी हा फरक बराचसा भरून निघतो. पैसे मर्यादित असतील, तर ते महागड्या गॅसऐवजी कंडेन्सरवर खर्च करा.

एलपीजी आणि "एचसी" (हायड्रोकार्बन) गॅस

प्रोपेन आणि आयसोब्युटेनचं मिश्रण जुन्या एसीत भरून देणारे खूप आहेत. ते स्वस्त आहे, मिनरल ऑइलवर चालतं, वजनानं आर-१२च्या निम्म्याहूनही कमी लागतं आणि गारही सुरेख करतं. घरच्या नव्या फ्रीजमध्ये आयसोब्युटेन असतोच, मग गाडीत का नको, हा प्रश्न रास्त आहे. फ्रीजमध्ये तो साधारण शंभर ग्रॅमच्या आतच असतो आणि सीलबंद. गाडीत कूलिंग कॉइल तुमच्या गुडघ्यांपुढे असते आणि समोरून धडक बसली की सर्वांत आधी कंडेन्सर फुटतो.

हिशेब करून पाहा. असा ३०० ग्रॅम गॅस बाहेर आला की सुमारे १५० लिटर वायू होतो. छोट्या गाडीच्या केबिनमध्ये अडीच-तीन हजार लिटर हवा मावते, म्हणजे प्रमाण पाच टक्क्यांच्या घरात. हवेत दोन टक्के झाला की हा वायू पेटू शकतो. ठिणगीला ब्लोअरची मोटर पुरते. मागच्या सीटवर मुलं बसणाऱ्या गाडीत आम्ही हा गॅस भरणार नाही. आधी कुणी भरला असेल, तर कृपया गाडी आणल्याबरोबर सांगा. आमचा माणूस वेल्डिंगचा दिवा घेऊन त्याच गाडीजवळ उभा असू शकतो.

स्वयंपाकाच्या सिलिंडरमधला गॅस तर मुळीच नको. पेटण्याचा धोका तोच, शिवाय त्यात ओल आणि वासासाठी घातलेलं रसायन असतं.

बाकीचे

घरच्या जुन्या एसीतला आर-२२ गाडीत चालत नाही. कंडेन्सर ६० अंशांवर असताना त्याचा दाब ३३० पीएसआयच्या पुढे जातो आणि गाडीचे पाइप त्यासाठी केलेले नसतात. नव्या गाड्यांतला आर-१२३४वायएफ पृथ्वीसाठी फारच सौम्य आहे. युरोपात २०१७ पासून प्रत्येक नव्या कारमध्ये तो किंवा त्याच्यासारखाच कमी तापवणारा गॅस बंधनकारक आहे. पण तो महाग आहे, थोडा ज्वलनशीलही आहे आणि त्यासाठी न बनवलेल्या जुन्या यंत्रणेत आम्ही तो घालत नाही. दोन गॅस एकत्र तर कधीच करू नका. मिश्रणाचा दाब कुठल्याच तक्त्याशी जुळत नाही आणि ते परत वापरताही येत नाही.

गाडी आणताना

सकाळी इंजिन थंड असताना आणा. आधीची बिलं असतील तर सोबत ठेवा, कोणता गॅस आणि कोणतं तेल भरलं होतं ते त्यावरून कळतं. बॉनेटखालची पट्टी पुसट झाली असली तरी खरवडू नका. काम झाल्यावर गॅसचं नाव, ग्रॅम, तेलाचा प्रकार आणि तारीख लिहिलेलं नवं स्टिकर आम्ही तिथंच लावतो, जुन्या पट्टीच्या शेजारी. थंडीच्या दिवसांतही आठवड्यातून दहा मिनिटं एसी चालू ठेवा, म्हणजे शाफ्टच्या सीलला तेल मिळत राहील.