पार्श्वभूमी : कानांनी ऐकायच्या गोष्टी

कथा सांगणारे पॉडकास्ट आज आवडीने ऐकले जातात. हे माध्यम नवे असले, तरी मराठी कानांना त्यातील सुख जुन्या ओळखीचे आहे, कारण गोष्ट वाचण्याआधी ऐकण्याची सवय आपल्याकडे कीर्तनाने लावली. नारदीय कीर्तनाच्या पूर्वरंगात एखाद्या अभंगाचे निरूपण होते आणि उत्तररंगात त्याच सूत्राला धरून आख्यान सांगितले जाते. तेथे एकच माणूस राजा, दासी आणि ऋषी यांचे आवाज काढतो आणि तेवढ्यावर श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे दरबार उभा राहतो.

आकाशवाणीने हा आवाज घरात आणला. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे केंद्रावरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्या गीतरामायणाचे प्रसारण सुरू झाले. आठवड्याला एक याप्रमाणे ते वर्षभर चालले आणि त्या वर्षी अधिक मास आल्यामुळे गीतांची संख्या ५६ झाली. ती गाणी होती हे खरे. पण कथेचा पुढचा भाग ऐकण्यासाठी आठवडाभर वाट पाहण्याची गोडी त्यांनी लावली, आणि मालिकारूपातील पॉडकास्टचा श्रोता आज तीच अनुभवतो.

माझ्या मते या इतिहासातील सर्वांत मोलाचा टप्पा कथाकथनाचा आहे. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार या तिघांनी गावोगावी व्यासपीठावरून आपल्या कथा सांगितल्या. त्यांच्या कथांमधील ग्रामीण बोली छापील पानावर शहरी वाचकाला अडखळायला लावू शकते. तीच बोली लेखकाच्या तोंडून, तिच्या मूळ हेलासह ऐकली की एकही शब्द समजावून सांगावा लागत नाही. पुढे व. पु. काळे यांच्या कथाकथनाच्या ध्वनिफिती घरोघरी वाजू लागल्या, आणि आवडलेला प्रसंग फीत मागे नेऊन पुन्हा ऐकण्याची सोय झाली.

‘पॉडकास्ट’ हा शब्द फेब्रुवारी २००४ मध्ये ब्रिटिश पत्रकार बेन हॅमर्स्ली यांनी ‘द गार्डियन’मधील लेखात वापरला. जून २००५ मध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टची सोय केली, त्यामुळे नवा भाग प्रसिद्ध होताच तो श्रोत्याच्या संगणकावर आपोआप उतरू लागला आणि ऐकण्याची वेळ केंद्राऐवजी श्रोता ठरवू लागला. ऑक्टोबर २०१४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘सीरियल’ने बाल्टिमोरमधील १९९९ सालच्या एका खुनाचा मागोवा १२ भागांत घेतला, आणि एकच सलग कथा सांगणाऱ्या पॉडकास्टला मोठा श्रोतृवर्ग मिळाला. भारतात २०१७ मध्ये आलेल्या स्टोरीटेल या ध्वनिपुस्तके ऐकवणाऱ्या ॲपने मराठीला सुरुवातीपासून स्थान दिले.

कथाकथनाच्या जुन्या ध्वनिमुद्रणांत मध्येच सभागृहातील हशा ऐकू येतो, आणि तो ओसरेपर्यंत कथाकार थांबतो. घरी आजीची गोष्ट ऐकताना मूल ‘हं’ म्हणत असे, त्याचेच हे मोठे रूप. पॉडकास्ट मात्र बहुधा बंद खोलीत, समोर कोणी नसताना ध्वनिमुद्रित होतो. त्यामुळे श्रोत्याच्या हुंकारापुरती जागा निवेदकाला स्वतःच अंदाजाने सोडावी लागते, आणि ज्याला ती नेमकी सोडता येते, त्याची गोष्ट ऐकताना आपण एकटे असूनही नकळत ‘हं’ म्हणतो.