कुटुंबाचे आकारमान, शिक्षण व दारिद्र्य

कुटुंबातील अपत्यांची संख्या, त्यांना मिळणारे शालेय शिक्षण आणि कुटुंबाचे दारिद्र्य यांचा परस्परसंबंध हा विकासाचे अर्थशास्त्र व लोकसंख्याशास्त्र यांचा समाईक अभ्यासविषय आहे. विकसनशील देशांत मोठी कुटुंबे सरासरीने अधिक गरीब असतात आणि त्यांतील मुले शाळा लवकर सोडतात, असे पाहण्यांतून वारंवार दिसले आहे. यातले कारण कोणते आणि परिणाम कोणता, हा मात्र वादाचा मुद्दा आहे. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः भारतातील व काही प्रमाणात बांगलादेशातील पुराव्याचा विचार केला आहे.

उगम : मुले किती आणि प्रत्येकावर खर्च किती, या ओढाताणीचा विचार प्रथम कोणी केला याबद्दल मतभेद आहेत. थॉमस माल्थस याच्या १७९८ मधील निबंधाकडे बोट दाखवण्याची प्रथा आहे. परंतु त्याचा रोख लोकसंख्या व अन्नपुरवठा यांच्यातील तफावतीवर होता, मुलांच्या शिक्षणखर्चाचा हिशेब त्यात मध्यवर्ती नाही. सामाजिक उतरंडीत वर चढू पाहणारी कुटुंबे अपत्यसंख्या आपणहून आवरतात, असे आर्सेन द्यूमाँ या फ्रेंच अभ्यासकाने १८९० मध्ये मांडले. त्यात आजच्या सिद्धांताचे बीज स्पष्ट दिसते, पण ते गणिती रूपात नव्हते. हार्वे लाइबेन्स्टाइन याने १९५७ मध्ये अपत्यापासून आईवडिलांना होणारे लाभ तीन प्रकारचे मानले : अपत्यसुख, कमावता हात आणि म्हातारपणचा आधार. मिळकत वाढते तसे दुसरे व तिसरे कारण दुबळे होते आणि संगोपनाचा खर्च चढत जातो, असा त्याचा युक्तिवाद होता. गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाचा याच विषयावरील प्रसिद्ध लेख १९६० चा. पाठ्यपुस्तके या विचाराचे जनकत्व सहसा बेकरला देतात. विकसनशील देशांपुरते पाहिले तर लाइबेन्स्टाइनची मांडणी वस्तुस्थितीला अधिक जवळची आहे. कारण मुलाचे श्रम आणि वृद्धापकाळाची तरतूद या दोन्ही गोष्टींना तिने सुरुवातीपासून जागा दिली.

बेकर–लुईस प्रतिमान : बेकर व एच. ग्रेग लुईस यांनी १९७३ मध्ये दाखवले, की अपत्यांची संख्या आणि प्रत्येक अपत्यावरील गुंतवणूक, म्हणजे त्यांच्या परिभाषेतील ‘गुणवत्ता’, यांच्या किमती एकमेकींत अडकलेल्या असतात. दोन मुलांना बारावीपर्यंत शिकवायचे ठरवलेल्या घराला तिसरे मूल म्हणजे आणखी एका बारावीचा खर्च. मुलांना चौथीनंतर शाळेतून काढणाऱ्या घराला तेच तिसरे मूल पुष्कळ स्वस्त पडते. उलट बाजूने, पाच मुलांच्या घरात शिक्षणाचे एक वर्ष वाढवायचे तर ते पाच जणांसाठी वाढवावे लागते. त्यामुळे शिक्षणाचा परतावा थोडासा वाढला, तरी त्याचा परिणाम फुगत जातो : शिक्षण वाढले की प्रत्येक मूल महाग होते, म्हणून मुले कमी होतात, मुले कमी झाली की शिक्षण वाढवणे आणखी परवडते. मिळकत वाढूनही कुटुंबे लहान का होतात, याचे हे स्पष्टीकरण बरेच मान्य झाले. मात्र या प्रतिमानात आईवडील एकाच मताने निर्णय घेतात, सर्व मुलांना सारखे वागवतात आणि खर्च स्वतःच्याच खिशातून करतात, असे गृहीत आहे. मामाच्या किंवा काकांच्या घरी राहून शिकलेल्यांच्या पिढ्याच्या पिढ्या महाराष्ट्राने पाहिल्या आहेत. तेथे ही चौकट ताणावी लागते.

दारिद्र्यमापनाचा प्रश्न : मोठे कुटुंब गरीब असते, हे विधान दारिद्र्य कसे मोजले यावर बरेच अवलंबून आहे. सरकारी मोजणीत एकूण खर्चाला माणसांच्या संख्येने भागतात. चार माणसांचे घर महिना १२,००० रुपये आणि आठ माणसांचे घर २०,००० रुपये खर्च करत असेल, तर दरडोई खर्च अनुक्रमे ३,००० व २,५०० रुपये येतो आणि मोठे घर अधिक गरीब ठरते. पण चूल, छप्पर, दिवा, पाण्याची टाकी या गोष्टी माणसांच्या प्रमाणात दुप्पट होत नाहीत. ही बचत धरण्यासाठी माणसांच्या संख्येचा ०.६ हा घात घेऊन भागले, तर तेच आकडे सुमारे ५,२२० व ५,७४० असे येतात आणि मोठे घर अधिक सुस्थितीत ठरते. पीटर लांजौ व मार्टिन रॅव्हॅलियन यांनी १९९५ मध्ये पाकिस्तानातील पाहणीच्या आधारे दाखवले, की घातांक ०.६ च्या आसपास आला की कुटुंबाचा आकार व दारिद्र्य यांतील संबंध नाहीसा होतो. याउलट अँगस डीटन व क्रिस्टिना पॅक्सन यांना १९९८ मध्ये असे आढळले, की दरडोई एकूण खर्च समान असतानाही मोठ्या कुटुंबांचा दरडोई अन्नखर्च कमी असतो. सामाईक खर्चातून पैसा वाचत असेल तर गरीब घरात तो पोटाकडे वळायला हवा. तसे दिसत नाही, आणि या कोड्याचे सर्वमान्य उत्तर अद्याप मिळालेले नाही. घातांकाच्या निवडीवर एवढे अवलंबून असताना, दरडोई आकड्यांवरून गरिबांच्या घरातील मुलांची संख्या हेच त्यांच्या गरिबीचे कारण म्हणून पुढे करणे घाईचे होय.

मुलांचे श्रम : मीड केन याने बांगलादेशातील एका खेड्याच्या अभ्यासात (१९७७) असा हिशेब मांडला, की मुलगा साधारण बाराव्या वर्षापर्यंत खाण्यापेक्षा अधिक कमावू लागतो आणि पंधराव्या वर्षापर्यंत तोवरचा आपला खर्च फेडतो. महमूद ममदानी यानेही पंजाबातील मनुपूर गावाच्या आधारे १९७२ मध्ये असाच दावा केला होता : गरिबाला मुले होतात म्हणून तो गरीब नसतो, तो गरीब असतो म्हणून त्याला मुले हवी असतात. मायकेल व्लासॉफ याला मात्र महाराष्ट्रातील एका खेड्यात (१९७९) मुलांच्या श्रमाचा वाटा मानला जातो तेवढा मोठा आढळला नाही. गाव, पीक, जमिनीची मालकी व काळ यांप्रमाणे निष्कर्ष बदलतात, असे म्हणणे अधिक सुरक्षित.

मजुरीच्या हिशेबात न येणारे श्रम बहुतेक मुलींच्या वाट्याला येतात. बीड व लगतच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत नवराबायकोची जोडी हे एक ‘कोयता’ म्हणून मोजले जाते. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असल्याने दोघांनाही पहाटेच फडावर जावे लागते. मागे कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, धाकट्यांना सांभाळणे, पाणी भरणे आणि भाकऱ्या थापणे हे काम थोरल्या मुलीचे. हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो, म्हणजे शाळेच्या वर्षाचा मोठा भाग त्यात जातो. साखरशाळा, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी कारखान्याच्या परिसरात चालणाऱ्या शाळा, व गावातली हंगामी वसतिगृहे हे त्यावरचे उपाय. पण वसतिगृहात भावाला ठेवून बहिणीला सोबत नेले, तर कुटुंबाचा आकार तोच राहून एकाचे शिक्षण टिकते आणि दुसरीचे सुटते. सरासरी आकडेवारीत हा फरक बुडून जातो.

कार्यकारणभावाचा शोध : ज्या आईवडिलांना शिक्षणाची आस असते तेच मुलेही कमी होऊ देतात. त्यामुळे लहान व मोठ्या कुटुंबांची नुसती तुलना फसवी ठरते. मार्क रोझेनझ्वाइग व केनेथ वोल्पिन यांनी १९८० मध्ये यावर जुळ्यांचा मार्ग काढला. जुळे झाले की ठरवले नसताना एक मूल वाढते. अशा घरांची इतर घरांशी तुलना करता वाढीव मुलाचा परिणाम वेगळा काढता येतो. भारतीय ग्रामीण कुटुंबांच्या माहितीवरून त्यांना शिक्षणावर प्रतिकूल परिणाम आढळला, मात्र जुळ्यांची कुटुंबे त्यात फारच थोडी होती. पुढे नॉर्वे (२००५) व इझ्राएल (२०१०) येथील प्रचंड नोंदींवर झालेल्या अभ्यासांत असा परिणाम जवळजवळ दिसला नाही. नॉर्वेत जन्मक्रमाचा परिणाम मोठा होता, कुटुंबाच्या आकाराचा नव्हे. चीनमधील अभ्यासात (२००८) प्रतिकूल परिणाम दिसला, आणि तो खेड्यांत अधिक होता. शाळा व दवाखाने सरकार चालवते तेथे आणखी एका मुलाचा भार शिक्षणावर कमी पडतो, असे या विसंगतीचे स्पष्टीकरण देता येते आणि ते पटण्याजोगे आहे.

जुळ्यांची पद्धतही निर्दोष नाही. जुळ्या बाळांचे वजन कमी असते, आणि धडधाकट स्त्रियांचीच जुळी गर्भावस्था पूर्णत्वास जाण्याचा संभव अधिक असतो. पहिली मुलगी झाल्यास कुटुंब वाढते, या आधारे केलेली मोजणी भारतात गर्भलिंगनिदानामुळे संशयास्पद ठरते. म्हणूनच बांगलादेशातील मतलब येथील प्रयोगाला महत्त्व आहे. तेथे १९७७ पासून काही गावांत घरपोच कुटुंबनियोजन सेवा देण्यात आली व लगतच्या गावांत नेहमीचीच व्यवस्था ठेवली. सेवा मिळालेल्या गावांत जननप्रमाण, म्हणजे दर स्त्रीमागे सरासरी होणारी मुले, सुमारे १५ टक्क्यांनी कमी राहिले आणि स्त्रियांचे आरोग्य सुधारले. शिक्षणातला लाभ मुलांमध्ये दिसला, मुलींमध्ये तो तेवढा स्पष्ट नव्हता.

स्त्रीशिक्षण : ज्याँ द्रेझ व ममता मूर्ती यांनी १९८१ व १९९१ च्या जनगणनांतील जिल्हावार आकडे ताडून पाहिले (२००१). जननप्रमाणातील फरक स्त्रियांच्या शिक्षणाने सर्वाधिक उलगडतो. दारिद्र्यातील घट, नागरीकरण व पुरुषांची साक्षरता यांचा ठळक संबंध आढळत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारताचे एकूण जननप्रमाण १९९२–९३ मधील ३.४ वरून २०१९–२१ मध्ये २.० वर आले. महाराष्ट्रात ते १.७, गोव्यात १.३ आणि बिहारमध्ये ३.० होते. याच पाहणीत शाळेत न गेलेल्या स्त्रियांमध्ये ते २.८, तर बारा किंवा अधिक वर्षे शिकलेल्यांमध्ये १.८ आढळले. तथापि मारी भट यांनी २००२ मध्ये लक्ष वेधले, की घटीचा मोठा वाटा निरक्षर स्त्रियांचाच आहे आणि लहान कुटुंबामुळे मुलींचे शिक्षण वाढते असाही उलटा प्रवाह आहे. शेजारणीची शिकणारी मुले पाहून निरक्षर आईही दोनांवर थांबते, हे स्पष्टीकरण अनेकांनी स्वीकारले आहे. कमी मुलांत मुलगा हवाच, या हट्टाची किंमत मुलींनी मोजली : महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटातील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ मध्ये ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ झाली.

सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत मुले नातलगांकडे वाढवण्यास देण्याची रूढी असल्याने खर्च एका जोडप्यावर पडत नाही. जॉन कॉल्डवेल याने नायजेरियातील अनुभवावरून मांडलेला संपत्तीप्रवाहाचा सिद्धांत (१९७६) या संदर्भात पाहिला जातो : संपत्ती मुलांकडून आईवडिलांकडे वाहते तोवर जननप्रमाण उच्च राहते, आणि सार्वत्रिक शालेय शिक्षण हा प्रवाह उलटवते.

धोरण : मुंबईत र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, तेव्हा त्यांचा भर स्त्रीच्या आरोग्यावर व स्वातंत्र्यावर होता. सरकारी धोरणाचा सूर पुढे वेगळा झाला. बुखारेस्टच्या १९७४ मधील जागतिक परिषदेत ‘विकास हेच सर्वोत्तम गर्भनिरोधक’ अशी भूमिका घेणाऱ्या भारताने १९७६ च्या लोकसंख्या धोरणात, शिक्षण व विकासाची वाट पाहणे व्यवहार्य नाही, असे जाहीर केले. त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. आणीबाणीतील जबरदस्तीने कुटुंबनियोजनाच्या कार्यक्रमावरील लोकांचा विश्वास दीर्घकाळ ढासळला. ही हानी कोणत्याही आकड्याने भरून निघणारी नव्हती. दोनहून अधिक अपत्ये असणाऱ्यांना पंचायत निवडणुकीस अपात्र ठरवणारी तरतूद अनेक राज्यांनी केली. हरयाणातील तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये वैध ठरवली. निर्मला बुच यांनी पाच राज्यांत केलेल्या अभ्यासात तिचा फटका दलित, आदिवासी, गरीब आणि स्त्रिया यांना बसल्याचे दिसले, म्हणजे ज्यांच्यापर्यंत शाळा सर्वांत उशिरा पोहोचली त्यांनाच. हरयाणा, मध्य प्रदेश व हिमाचल प्रदेश यांनी ती पुढे मागे घेतली. महाराष्ट्राने ती ठेवली आणि २००५ च्या नियमांनी शासकीय नोकरीलाही लहान कुटुंबाच्या प्रतिज्ञापनाची अट घातली.