भूल देताना बीपी-नाडीची नोंद: हाताने की मशीनने

ऑपरेशन चालू असताना पेशंटची नाडी, बीपी, ऑक्सिजन, श्वासातला कार्बन डायऑक्साइड हे सगळं वेळेनुसार लिहून ठेवणं म्हणजे भुलेची नोंद. ती एकतर भूलतज्ज्ञ चार्टवर स्वतः लिहितात, नाहीतर मॉनिटरला जोडलेला कॉम्प्युटर आपोआप साठवतो. असा चार्ट १८९४-९५ च्या सुमाराला बोस्टनमधे हार्वे कुशिंग आणि अर्नेस्ट कॉडमन या दोन मेडिकलच्या विद्यार्थ्यांनी सुरू केला, तेव्हा ईथर हुंगवून भूल देण्याचा जमाना होता आणि त्यात बीपी नव्हतंच, ते कुशिंगने १९०१ मधे इटलीत रिवा-रोचीचा बीपी मोजायचा पट्टा बघितला त्यानंतर आलं.

बीपी-नाडी कमीत कमी दर ५ मिनिटाला लिहायची हा आजचा नियम. पण सिझरला पाठीत भुलेचं इंजेक्शन दिलं की बीपी दोन-चार मिनिटातच धाडकन खाली येऊ शकतं, आणि नेमकं तेव्हाच डॉक्टरचे दोन्ही हात सलाईन वाढवण्यात, मेफेंटरमिन (बीपी वाढवायचं औषध) देण्यात गुंतलेले असतात, मग चार्ट भरला जातो नंतर, आठवून. तिथं ७८ चं ९० होतं. खोटेपणा असतोच असं नाही, माणसाचा हात आपसूक गोल आकड्याकडं जातो. त्यामुळं हाताचा आलेख मशीनपेक्षा सपाट दिसतो.

मशीन काही लपवत नाही, पण त्याला कळतही काही नाही. कॉटरी (रक्त थांबवायला विजेनं जाळायचं साधन) लागली की ईसीजी वेडावाकडा, सर्जन पट्ट्याला टेकून उभे राहिले की बीपी भलतंच, आणि बोटाचा प्रोब बीपीच्याच हाताला लावला असंल तर पट्टा फुगला की ऑक्सिजन गायब! हे सगळं जसंच्या तसं नोंदीत जातं, शेजारी कारण टाइप केलं नाही तर पुढं कोर्टात उत्तर देता देता नाकी नऊ येतात. शिवाय हातानं टोचलेलं औषध आणि रक्त किती गेलं हे माणसालाच भरावं लागतं.

मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरचं घाटी, आंबेजोगाई, नांदेड, लातूर अशी सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत, पण तालुक्याच्या गावात बऱ्याच ठिकाणी मॉनिटर असतो आणि नोंद कागदावरच होते. भूलतज्ज्ञ एका दवाखान्यातून दुसऱ्यात पळत असतात, तिथं कॉम्प्युटरवाली सिस्टीम लगेच येईल असं वाटत नाही. तोवर मॉनिटरची ट्रेंड मेमरी (त्यात साठलेले मागचे आकडे) बघून चार्ट भरणं हाच बरा मार्ग, फक्त मॉनिटरचं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी आधी जुळवून घ्यावं. आणि प्रिंटरची थर्मल पट्टी उष्णतेनं पुसट होते, इकडच्या उन्हाळ्यात तर जास्तच, म्हणून केसपेपरला झेरॉक्स लावावी.