मल्टिचॅनल ऑडिओ इंटरफेस : घरगुती ध्वनिमुद्रणासाठी निवड

एकाच वेळी दोनपेक्षा अधिक मायक्रोफोनांचे किंवा वाद्यांचे संकेत वेगवेगळे ठेवून संगणकात नेणाऱ्या, आणि संगणकातला ध्वनी स्पीकर व हेडफोनपर्यंत परत आणणाऱ्या उपकरणाला मल्टिचॅनल ऑडिओ इंटरफेस म्हणतात. मायक्रोफोनचा क्षीण संकेत वाढवणारे प्रीअ‍ॅम्प, त्या संकेताचे अंकांत रूपांतर करणारे कन्व्हर्टर, सर्व चॅनल एका गतीने चालवणारे घड्याळ आणि संगणकाशी देवाणघेवाण सांभाळणारा ड्रायव्हर ही त्याची मुख्य अंगे होत. जाहिरातीत पहिल्या दोन अंगांचे कौतुक भरपूर होते. रोजच्या कामात मात्र शेवटची दोनच अधिक सुख किंवा अधिक मनस्ताप देतात.

घरात अनेक ट्रॅकवर, म्हणजे एकमेकांपासून वेगळ्या ठेवलेल्या ध्वनिपट्ट्यांवर, मुद्रण करण्याची हौस संगणकाच्या आधीची आहे. गिटारवादक लेस पॉल यांनी १९५७ साली अँपेक्स कंपनीकडून आठ ट्रॅकचे टेपयंत्र घेऊन ते घरच्या स्टुडिओत बसवले, पण अशी यंत्रे सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हती. १९७९ साली आलेल्या टास्कमच्या पोर्टास्टुडिओने साध्या कॅसेटवर चार ट्रॅक दिले आणि घरगुती मुद्रणाला खरी चालना मिळाली. पुढे १९९१ मध्ये अलेसिस कंपनीने एडॅट हे यंत्र जाहीर केले. त्यात एस-व्हीएचएस कॅसेटवर आठ डिजिटल ट्रॅक मुद्रित होत. ते यंत्र मागे पडले, परंतु त्याच्यासाठी आखलेली, एका प्रकाशतंतूच्या केबलमधून आठ चॅनल नेणारी जोडणी आजच्या इंटरफेसच्या पाठीमागे अजून दिसते, आणि निवड करताना तिला फार महत्त्व आहे.

चॅनल किती हवेत हा प्रश्न बहुतेकांकडून चुकतो, कारण ट्रॅक आणि चॅनल (एका क्षणी एक संकेत नेणारी वाट) यांची गल्लत होते. एकटा कलाकार आधी गिटार, मग बास, मग गायन असे एकामागून एक मुद्रित करत असेल, तर दोन इनपुटच्या साध्या इंटरफेसवरही साठ ट्रॅकचे गाणे उभे राहते. अनेक इनपुट लागतात ते एकाच क्षणी अनेक ध्वनी वेगळे पकडायचे असतील तेव्हा. ड्रमसेट हे त्याचे नेहमीचे उदाहरण आहे. किकला एक मायक्रोफोन, स्नेअरला वरून एक व खालून एक, हाय-हॅटला एक, तीन टॉमना तीन आणि डोक्यावरचे दोन ओव्हरहेड अशी मोजणी केली, की आकडा नऊवर जातो; म्हणजे आठ प्रीअ‍ॅम्पचा इंटरफेस घेतलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी स्नेअरचा खालचा किंवा हाय-हॅटचा मायक्रोफोन सोडावा लागतो. त्याच वेळी बास आणि गायकही वाजवणार-गाणार असतील, तर अकरा इनपुट हवेत. म्हणून आपल्या कामातला सर्वांत गर्दीचा प्रसंग डोळ्यांसमोर आणून त्यातले मायक्रोफोन बोटांवर मोजावेत आणि त्यात दोनाची भर घालावी : एक वादकांशी बोलण्याच्या मायक्रोफोनसाठी आणि एक ऐनवेळी दगा देणाऱ्या चॅनलसाठी. असा प्रसंग आपल्याकडे येतच नसेल, तर मोठ्या यंत्राचा मोह टाळून तोच पैसा मायक्रोफोनवर आणि खोलीच्या ध्वनिशोषणावर खर्च करणे कधीही चांगले. घुमणाऱ्या खोलीतला आवाज कोणताही कन्व्हर्टर सुधारत नाही. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?

खोक्यावरचा आकडा उलगडून वाचावा लागतो. ‘१८ इनपुट’ असे लिहिलेल्या यंत्रात बहुधा आठ अ‍ॅनालॉग इनपुट, वर सांगितलेल्या एडॅट जोडणीचे आठ आणि एस/पीडिफ या डिजिटल जोडणीचे दोन अशी बेरीज असते. त्या आठ अ‍ॅनालॉग इनपुटांपैकी प्रीअ‍ॅम्प कधी आठांना असतात, तर कधी चारांनाच. उरलेले चार केवळ लाइन पातळीचे, म्हणजे आधीच वाढवलेल्या संकेतासाठीचे, असतात आणि त्यांत मायक्रोफोन थेट लावून उपयोग नसतो. एडॅटचे आठ चॅनलही बाहेरून आठ प्रीअ‍ॅम्पचे वेगळे उपकरण जोडेपर्यंत रिकामेच राहतात. शिवाय सेकंदाला ध्वनीचे किती हजार नमुने (सँपल) घेतले जातात हे किलोहर्ट्‌झमध्ये सांगतात; ४४.१ आणि ४८ किलोहर्ट्‌झवर आठ चॅनल देणारी एक एडॅट केबल ८८.२ किंवा ९६ किलोहर्ट्‌झवर चारच चॅनल नेते, त्यामुळे एकच एडॅट इनपुट असलेले वरचे यंत्र ९६ वर लावताच त्याचे अठरा इनपुट चौदावर येतात. असे असले तरी आठ प्रीअ‍ॅम्प आणि एक एडॅट इनपुट ही जोडी घरगुती स्टुडिओसाठी सर्वांत दूरदृष्टीची वाटते, कारण आज आठांवर भागते आणि उद्या सोळा लागले तर मूळ यंत्र बदलावे लागत नाही.

प्रीअ‍ॅम्पच्या बाबतीत तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली गेनची, म्हणजे संकेत किती वाढवता येतो त्याची. कमी संवेदनशील डायनॅमिक मायक्रोफोनवर हळू बोलणाऱ्याचा आवाज घ्यायचा तर सुमारे ६० डेसिबल गेन लागतो. तेवढा तो यंत्रात असावा आणि शेवटच्या टप्प्यावर खरखर वाढू नये. दुसरी अंगभूत गोंगाटाची. १५० ओहमच्या स्रोताच्या केवळ उष्णतेमुळे होणारा गोंगाटच सुमारे −१३१ डीबीयू (संकेताची पातळी मोजण्याचे एकक; आकडा जितका उणे, तितका गोंगाट कमी) असल्याने −१२८ किंवा −१२९ लिहिलेले यंत्र निसर्गाच्या मर्यादेला जवळपास टेकलेले असते, आणि त्यापुढच्या एका डेसिबलसाठी जीव टाकण्यात अर्थ नाही. तिसरी गोष्ट कंडेन्सर मायक्रोफोनला लागणाऱ्या ४८ व्होल्टच्या फँटम पॉवरची. अनेक यंत्रांत तिचे एकच बटण चार-चार इनपुटांसाठी असते. साध्या डायनॅमिक मायक्रोफोनला तिचा त्रास होत नाही. जुन्या रिबन मायक्रोफोनला मात्र चुकीच्या जोडणीच्या केबलवरून ती पोहोचली तर इजा होऊ शकते. असा मायक्रोफोन जवळ असेल तर प्रत्येक इनपुटला स्वतंत्र बटण असलेले यंत्र घ्यावे. इलेक्ट्रिक गिटार थेट लावण्यासाठी सुमारे एक मेगाओहम रोधाचे इनपुट लागते, ते सहसा पुढच्या एक-दोन सॉकेटांनाच असते.

कन्व्हर्टरविषयी थोडक्यात पुरे. २४ बिटची सैद्धांतिक कक्षा, म्हणजे सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर, १४४ डेसिबल असली तरी प्रत्यक्षातले चांगले कन्व्हर्टर ११० ते १२० डेसिबलपर्यंत जातात, आणि घरातल्या खोलीची शांतता त्याच्या आसपासही नसते. या मोकळ्या जागेचा फायदा असा, की मुद्रणाची पातळी शून्याला, म्हणजे ज्यापुढे आवाज फाटतो त्या कमाल पातळीला, भिडवण्याची गरज उरत नाही. सरासरी −१८ डेसिबलच्या आसपास ठेवून अचानक चढणाऱ्या आवाजाला वाव देता येतो.

घड्याळाचा प्रश्न मात्र सविस्तर सांगायला हवा. दोन छोटे इंटरफेस जोडून एक मोठा होईल, ही कल्पना स्वाभाविक आहे आणि ती पुष्कळांना फसवते. प्रत्येक यंत्रात स्वतःचा क्वार्ट्‌झ स्फटिक असतो आणि कोणतेही दोन स्फटिक अगदी सारख्या वेगाने चालत नाहीत. दोघांत दशलक्षात केवळ वीस भागांचा फरक असला, तरी दहा मिनिटांच्या मुद्रणाअखेर एका यंत्राचे ट्रॅक दुसऱ्याच्या ट्रॅकपासून १२ मिलिसेकंदांनी सरकलेले असतात. गाणे सुरू होताना ओव्हरहेड आणि स्नेअर एकजीव असतात. शेवटाकडे तोच फटका दोनदा पडल्यासारखा ऐकू येतो. विंडोजवर अ‍ॅसिओ या ड्रायव्हर-पद्धतीने चालणारे मुद्रणाचे सॉफ्टवेअर सहसा एका वेळी एकाच ड्रायव्हरशी काम करते, त्यामुळे तिथे ही जोडी जमतच नाही. मॅकवर दोन यंत्रे एकत्र दाखवण्याची आणि सरकणे दुरुस्त करण्याची सोय आहे, पण ती तडजोडच. दोन यंत्रांपैकी एकाला प्रमुख नेमून दुसऱ्याला वर्ड क्लॉक (घड्याळाचे ठोके नेणारी वेगळी जोडणी), एडॅट किंवा एस/पीडिफच्या केबलमधून त्याच्या घड्याळावर चालायला लावणे, हा खरा मार्ग होय.

लेटन्सी, म्हणजे गायलेला स्वर हेडफोनमध्ये परत येईपर्यंतचा विलंब, मुख्यतः बफरवर (सँपल तात्पुरती साठवून मग पुढे देणाऱ्या जागेवर) आणि ड्रायव्हरवर अवलंबून असतो. ४८ किलोहर्ट्‌झवर १२८ सँपलचा बफर २.७ मिलिसेकंद घेतो. तो जाताना एकदा आणि येताना एकदा लागतो, त्यात कन्व्हर्टरचा आणि ड्रायव्हरने राखून ठेवलेला वेळ मिळतो. ध्वनी हवेतून मिलिसेकंदाला सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे १० मिलिसेकंदांचा विलंब हा साडेतीन मीटरवरच्या स्पीकरचा आवाज ऐकण्यासारखा असतो. गिटारवादकाला तो चालून जातो. गायकाला स्वतःचा आवाज कवटीतून तत्काळ आणि हेडफोनमधून उशिरा असा दुहेरी ऐकू येतो व तो अस्वस्थ होतो. यासाठी इनपुटचा आवाज संगणकात न पाठवता यंत्रातल्या यंत्रातच हेडफोनकडे वळवणारा मिक्सर असावा. अ‍ॅसिओ ही स्टाइनबर्गची १९९७ ची देणगी असून ती विंडोजवरचा विलंब घटवते, परंतु तिचा ड्रायव्हर प्रत्येक उत्पादक स्वतः लिहितो आणि दर्जाचा मोठा फरक तिथेच पडतो. लिनक्स वापरणाऱ्यांनी वेगळ्या ड्रायव्हरविना, यूएसबीच्या सर्वसाधारण ध्वनी प्रमाणावर चालणारे यंत्रच पाहावे.

आउटपुट मोजायला लोक विसरतात. ड्रमरला क्लिक (ताल धरण्यासाठीची टिकटिक) मोठी हवी असते, गायकाला स्वतःचा आवाज. दोघांना वेगवेगळे मिश्रण द्यायचे तर प्रत्येकासाठी दोन स्वतंत्र आउटपुट लागतात. यंत्रावर हेडफोनचे दोन सॉकेट असले तरी दोन्हींतून एकच मिश्रण येत असेल, तर ती सोय अर्धीच.

जोडणीच्या वेगाची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्‌झच्या अठरा चॅनलना एका दिशेने सुमारे २१ मेगाबिट प्रतिसेकंद लागतात, आणि यूएसबी २.० चा घोषित वेग ४८० मेगाबिट आहे. अडचण वेगाची नसून विजेची असते : यूएसबी २.० पोर्ट अडीच वॉट देते, त्यावर आठ प्रीअ‍ॅम्प आणि फँटम पॉवर नीट चालत नाही, म्हणून अशा यंत्रांना सहसा स्वतःचा अ‍ॅडॅप्टर असतो. फायरवायर या जुन्या जोडणीवर चालणारी यंत्रे स्वस्तात मिळतात, पण नव्या संगणकांवर ते पोर्ट येत नाही.

यंत्र घरी आले की परतीची मुदत संपण्याआधी सर्व चॅनल एकाच वेळी तासभर मुद्रित करून पाहावेत. २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झवर आठ चॅनलचा एक तास सुमारे ४.१ गिगाबाइट जागा घेतो. मग प्रत्येक ट्रॅक वेगळा ऐकावा आणि कुठे टकटक किंवा खंड आहे का ते शोधावे. त्यानंतर एक आउटपुट केबलने एका इनपुटला जोडून, सॉफ्टवेअरमधील विलंबाची आपोआप होणारी भरपाई बंद करून, एक टिचकीचा आवाज वाजवावा व पुन्हा मुद्रित करावा. मूळ टिचकी आणि परत आलेली टिचकी यांच्यामधली सँपल मोजून त्या संख्येला ४८ ने भागले, की त्या संगणकावरचा त्या यंत्राचा खरा विलंब मिलिसेकंदांत मिळतो.