वही हवी, नाणं नको

२४ ऑक्टोबर २०१९ रोजी चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग यांनी ब्लॉकचेनची, म्हणजे संगणकावरच्या एका खास नोंदवहीची, तोंडभरून स्तुती केली आणि या तंत्रज्ञानात आपण आघाडी घेतली पाहिजे, असं पक्षाच्या वरिष्ठ नेत्यांना सांगितलं. पुरती दोन वर्षंही उलटली नव्हती. २४ सप्टेंबर २०२१ ला त्याच देशाच्या मध्यवर्ती बँकेने क्रिप्टोचलनाचे, म्हणजे बिटकॉइनसारख्या संगणकी नाण्यांचे, सगळे व्यवहार बेकायदा ठरवून टाकले. पाहणाऱ्याला हे घूमजाव वाटेल, पण तसं ते नाही. चीनला वही हवी होती, तिच्यासोबत येणारं नाणं नको होतं.

ही वही म्हणजे जमाखर्चाचीच, फक्त तिच्या प्रत्येक पानावर आधीच्या पानाचा ठसा असतो. या ठशाला ‘हॅश’ म्हणतात. बिटकॉइनमध्ये जी पद्धत वापरतात तिच्यात मजकूर चार शब्दांचा असो की चारशे पानांचा, ठसा चौसष्ट अक्षरा-आकड्यांचाच निघतो. मात्र मजकुरातला एक स्वल्पविराम हलवला, तर नवा ठसा जुन्याशी नातंसुद्धा सांगत नाही. त्यामुळे एखाद्या जुन्या पानावर खाडाखोड केली, की तिथून पुढच्या सगळ्या पानांचा मेळ बिघडतो आणि चोरी उघडी पडते. ही कल्पना बिटकॉइनपेक्षा बरीच जुनी आहे. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांनी ती १९९१ मध्ये मांडली. १९९५ पासून त्यांच्या कंपनीने असे ठसे न्यू यॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापायला सुरुवात केली. घरोघरी गेलेले अंक परत गोळा करून त्यात फेरफार कोण करणार?

आता प्रश्न उरतो, वहीत लिहायचं कोणी? लिहिणारे ओळखीचे आणि नेमलेले असतील तर गोष्ट इथेच संपते. पण कोणावरच भरवसा ठेवायचा नसेल, तर लिहिण्याच्या हक्कासाठी शर्यत लावावी लागते. बिटकॉइनमध्ये साधारण दर दहा मिनिटांनी ती शर्यत होते. हजारो यंत्रं वीज जाळून एका विशिष्ट ठशाचा शोध घेतात, ज्याला तो आधी सापडतो तो पान लिहितो आणि मोबदल्यात नवी नाणी मिळवतो. यालाच ‘मायनिंग’ म्हणतात. थोडक्यात, नाणं हा कारकुनाचा पगार आहे. खुल्या वहीला तो चुकत नाही. सरकारकडे मात्र स्वतःचे कारकून आधीच असतात, मग त्याने हा पगार का सोसावा?

चीनमध्येच या कारकुनांचा मोठा तळ होता. २०२१ च्या सुरुवातीला जगातल्या बिटकॉइन मायनिंगचा जवळपास निम्मा भार तिथे होता. मे-जूनमध्ये सरकारने बडगा उगारला आणि यंत्रं धडाधड बंद पडली. पानं उशिरा भरू लागली. पण या व्यवस्थेत एक सोय मुळातच करून ठेवलेली आहे. दर २०१६ पानांनंतर ती मागचा वेग तपासते आणि शर्यतीचं कोडं, म्हणजे तो विशिष्ट ठसा शोधणं, सोपं किंवा अवघड करते. ३ जुलै २०२१ ला कोडं सुमारे २८ टक्क्यांनी सोपं झालं, तोवरची सर्वांत मोठी घट. उरलेल्या यंत्रांनी काम उचललं, वेग पूर्वपदावर आला. त्यासाठी कोणी बैठक बोलावली नव्हती. यंत्रं मग अमेरिकेत गेली, कझाकस्तानात गेली, आणि त्या हिवाळ्यात कझाकस्तानला विजेचा तुटवडा जाणवू लागला. एका देशाने हाकललेलं ओझं दुसऱ्याच्या तारांवर येऊन पडलं होतं.

एस्टोनियाच्या सरकारने वही घेतली ती नाण्याविनाच. २००७ च्या एप्रिलमध्ये टॅलिनमधला सोव्हिएत सैनिकाचा पुतळा हलवल्यानंतर तिथल्या बँका, वृत्तपत्रं आणि सरकारी संकेतस्थळं आठवडेच्या आठवडे सायबर हल्ल्यांखाली होती. जवळजवळ सगळा कारभार संगणकावर असलेल्या देशाला त्यातून एक वेगळीच धास्ती बसते. माहिती चोरीला गेली तर निदान कळतं तरी, पण रुग्णाच्या नोंदीतला रक्तगट कोणी गुपचूप बदलला तर? म्हणून त्यांनी सरकारी नोंदी जागच्या जागी ठेवल्या आणि त्यांचे ठसे तेवढे साखळीत गुंफले. याला ब्लॉकचेन म्हणावं का, यावर शुद्धतावादी अजून हुज्जत घालतात. घालोत बापडे.

एल साल्वादोर नेमका उलट्या दिशेने गेला. हा देश २००१ पासून अमेरिकी डॉलरवर चालतो, म्हणजे जपायला स्वतःचं चलनच नाही. शिवाय परदेशी गेलेल्यांनी घरी धाडलेल्या पैशांवर अर्थव्यवस्थेचा मोठा हिस्सा उभा. पैसे पाठवण्याची दलाली वाचेल या हिशोबाने ७ सप्टेंबर २०२१ ला त्याने बिटकॉइनला कायदेशीर चलन केलं. सरकारी पाकीट, म्हणजे मोबाइल अ‍ॅप, उघडणाऱ्याला तीस डॉलरचं बिटकॉइन भेट मिळत होतं. लोकांनी अ‍ॅप उघडलं, तीस डॉलर खर्चले, आणि बहुतेकांनी पुन्हा त्याचं तोंड पाहिलं नाही. सकाळी एक भाव आणि संध्याकाळी दुसरा असेल, तर त्यात महिन्याचा बाजार करायची छाती कोणाची होते? शेवटी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या १.४ अब्ज डॉलरच्या कर्जाच्या वाटाघाटींत सरकार नमलं आणि जानेवारी २०२५ मध्ये दुकानदारांवरची सक्ती काढून घेतली.

नायजेरियात सरकारने नको म्हटलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये बँकांना क्रिप्टोपासून दूर राहायला सांगितलं आणि ऑक्टोबरमध्ये स्वतःचं डिजिटल चलन आणलं, ई-नायरा. लोकांनी क्रिप्टो सोडलं नाही, ते आपसांत थेट देवघेव करू लागले. ई-नायराची पाकिटं मात्र पडून राहिली. नाणेनिधीच्या २०२३ च्या अहवालानुसार कुठल्याही आठवड्यात ९८ टक्क्यांहून अधिक पाकिटांना हातही लागत नव्हता. नायराची किंमत घसरत असताना त्याच नायराचं संगणकी रूप कोणाला हवं असणार! एल साल्वादोरने लादलं ते लोकांनी घेतलं नाही, नायजेरियाने रोखलं ते लोकांनी सोडलं नाही.

जपानने अधिक शहाणपणा दाखवला, असं मला वाटतं. २०१४ मध्ये टोकियोतल्या ‘माउंट गॉक्स’ या एक्स्चेंजमधून, म्हणजे बिटकॉइनच्या खरेदी-विक्रीच्या बाजारातून, साडेआठ लाखांच्या आसपास बिटकॉइन गायब झाल्याचं उघड झालं. त्यातली दोन लाख पुढे सापडली. साखळी तुटली नव्हती, गडबड तिजोरी सांभाळणाऱ्याकडे होती. जपानने हे ओळखलं आणि बंदीच्या भानगडीत न पडता एप्रिल २०१७ पासून एक्स्चेंजना नोंदणी सक्तीची केली. भारतात रिझर्व्ह बँकेची २०१८ ची मनाई सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये रद्द केली. पुढे २०२२ मध्ये नफ्यावर ३० टक्के कर बसला आणि त्याच वर्षी डिजिटल रुपयाही आला. कर घेतला म्हणजे मान्यता दिली असं नाही, हेही सरकारने बजावून ठेवलं.

आणि अमेरिका? जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने तिथे मध्यवर्ती बँकेच्या डिजिटल चलनाला मज्जाव झाला. चीन ज्या सरकारी डिजिटल चलनाचा गाजावाजा करतो तेच अमेरिकेला नको, आणि चीनने हाकललेलं नाणं मात्र तिला हवं. मार्चमध्ये बिटकॉइनचा राष्ट्रीय राखीव साठा करायचं ठरलं, तेही मुख्यतः गुन्हेगारांकडून जप्त केलेल्या बिटकॉइनमधून.