आधी गाव सांगा, मग मांडव ठरवू

ग्राहकांसाठी माहितीपत्रक : लग्न, साखरपुडा, बारसं, एकसष्टी, वास्तुशांती, दुकानाचं उद्घाटन

नमस्कार. तुमच्या घरात कार्य निघालं आहे, त्याबद्दल आधी मनापासून अभिनंदन.

या पत्रकात दर दिलेले नाहीत. ते वेगळ्या कागदावर आहेत आणि गावागणिक बदलतात. ते का बदलतात, आणि पहिल्या बैठकीत स्टेज, फुलं, रंगसंगती हे विषय बाजूला ठेवून आम्ही तुमच्या गावाबद्दलच इतके प्रश्न का विचारतो, हे तुम्हाला आधीच कळावं म्हणून हे लिहिलं आहे. मांडव, जेवण, सजावट अशी कार्याची सगळी व्यवस्था आम्ही करतो. आमचं ऑफिस छत्रपती संभाजीनगरात आहे आणि काम मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत चालतं. बाहेरून पाहणाऱ्याला हे आठ जिल्हे एकसारखे वाटतात. कार्य उभं करायला लागलं की फरक कळतो. संभाजीनगरात रात्री आठला भरणारं रिसेप्शन बीडच्या गावाकडे ठेवलं, तर निम्मे पाहुणे मुक्कामाची सोय नाही म्हणून येतच नाहीत.

बरेच जण मोबाइलमध्ये उदयपूरच्या नाहीतर पुण्याच्या लग्नाचे फोटो घेऊन येतात. तसं जरूर दाखवा, तुमची आवड कळते. पण ती सजावट तुमच्या गावच्या उन्हात, पाण्यात, रस्त्यात आणि पाहुण्यांत टिकेल का, हे आम्ही स्पष्ट सांगू. टिकणार नसेल तर आग्रह करू नका, अशी विनंती.

तारीख ठरवताना

पंचांगातली तिथी गुरुजी काढून देतात. गावाची तिथी मात्र वेगळी असते, ती कुठल्याही पंचांगात छापलेली नसते.

लातूर आणि धाराशिवकडच्या लोकांना वेळ अमावास्येबद्दल सांगायला नको. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला लातूर शहर सकाळीच रिकामं होतं. सगळे शेतात, कडब्याच्या कोपीपाशी. भज्जी, आंबील, उंडे, खीर. त्या दिवशी आचारी मिळत नाही, वाढपी मिळत नाहीत, आणि मिळाले तरी जेवायला कोण येणार? पुण्या-मुंबईत वाढलेल्या पिढीने हॉल रिकामा दिसतोय म्हणून तीच तारीख धरू नये. उलट त्या आठवड्यात साखरपुडा ठेवायचा असेल, तर गावी आलेले सगळे नातेवाईक एकत्र सापडतात. अमावास्येनंतरचा शनिवार-रविवार आम्ही आवर्जून सुचवतो.

बीड जिल्ह्यात साखर कारखान्यांचं वेळापत्रक पाहावं लागतं. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप हंगाम संपल्यावर, साधारण मार्च-एप्रिलमध्ये परततात. ज्यांचे मामा, चुलते, भावजया फडावर आहेत त्यांनी डिसेंबरात लग्न धरलं, तर मंडपात खुर्च्या भरतील पण जवळची माणसं नसतील. म्हणून वडवणी, धारूर, केज, पाटोदा या भागांतल्या कार्याला आम्ही आधी विचारतो : घरातलं कोण कारखान्यावर आहे? मग तारखेचं बोलू.

नांदेडचं वेगळंच. गुरू गोविंदसिंगजींनी 1708 मध्ये जिथे देह ठेवला त्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबला देशभरातून यात्रेकरू येतात. दसरा, दिवाळी आणि होळीच्या दिवसांत शहरातले लॉज आणि यात्री निवास भरलेले असतात, हल्लाबोल मिरवणुकीच्या दिवशी वाहतूक वळवलेली असते. त्या दिवसांत नांदेडला कार्य करू नका असं आमचं म्हणणं नाही. पण पाहुण्यांच्या खोल्या हॉलच्या आधी ठरवा.

परभणीत फेब्रुवारीच्या सुरुवातीला सय्यद शाह तुराबुल हक यांचा उरूस, जालन्यात धुळवडीला हत्तीवरून निघणारी मिरवणूक, पैठणला फाल्गुन वद्य षष्ठीची नाथषष्ठी, तुळजापूरकडच्या रस्त्यांवर नवरात्र आणि कोजागिरीला पायी चालणारे भाविक. हे दिवस टाळले तर वऱ्हाड वेळेवर पोचतं. संभाजीनगरात हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री खुलताबादच्या भद्रा मारुतीला हजारो लोक चालत निघतात, म्हणून त्या रस्त्यावरचं लॉन त्या रात्री घेऊ नये. 14 एप्रिलला, आंबेडकर जयंतीला, क्रांती चौक परिसर आणि 14 जानेवारीला, विद्यापीठाच्या नामविस्तार दिनाला, विद्यापीठ गेटचा रस्ता लोकांचा असतो, तिथून वरात नेण्याचा हट्ट धरू नये.

2026 साली ज्येष्ठ अधिक आहे, 17 मे ते 15 जून. या काळात लग्नं नाहीत, त्यामुळे एप्रिल आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यावर सगळा भार येतो. मात्र अधिक महिन्यात लेक-जावयाला धोंड्याचं जेवण असतंच. पाच-सात लेकी-जावई एकत्र बोलावून हे जेवण मोठ्या प्रमाणात करणारी घरं वाढत आहेत. त्यासाठी पुरणाचे धोंडे, जोडप्यांची बैठक आणि वाणाची ताटं अशी वेगळी तयारी आम्ही करतो.

जुनं शहर, नवं शहर

संभाजीनगर 1610 मध्ये मलिक अंबरने खडकी या नावाने वसवलं. बावन्न दरवाज्यांचं शहर म्हणून आपण त्याचा अभिमान बाळगतो, आणि तो बाळगावाच. पण गुलमंडी, राजाबाजार, सिटी चौक भागात घरासमोर मांडव घालायचा असेल, तर त्या दरवाज्यांच्या कमानी आणि अरुंद गल्ल्या आमचं सगळं नियोजन ठरवतात. मोठा ट्रक आत जात नाही. सामान छोट्या टेम्पोत, रात्री बाजार बंद झाल्यावर न्यावं लागतं, आणि मजुरी वाढते. तरीही जुन्या वाड्यात किंवा गल्लीत कार्य करायची इच्छा असेल, तर आम्ही आनंदाने करतो. हळद आणि देवक घरीच झालं तर त्याला जो आपलेपणा येतो तो लॉनवर येत नाही. मुख्य जेवण मात्र बीड बायपास किंवा सिडको-गारखेड्याकडे ठेवा, पार्किंगचा प्रश्न सुटतो.

या शहरातला अर्धा पाहुणा वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या कंपन्यांत शिफ्ट करणारा असतो. दुपारी साडेबाराच्या मुहूर्ताला तो येऊ शकत नाही. म्हणून इथे लग्न दुपारी घरच्या लोकांत आणि भोजन संध्याकाळी सातनंतर, अशी विभागणी चांगली बसते. गंगाखेड, भूम किंवा मंठ्याकडे उलट करा. तिथे लग्न दुपारचंच असावं, कारण लोकांना अंधार पडायच्या आत घर, गोठा, धार गाठायची असते.

शहराच्या मिश्र वस्तीचा जेवणावरही परिणाम होतो. मुस्लीम घरांत निकाह आणि वलीमाची वेळ नमाजच्या वेळा पाहून ठरते आणि नान-खलिया (नान आणि मटणाचा मसालेदार रस्सा) जुन्या हाताच्या आचाऱ्याकडूनच हवा असतो, आम्ही त्यात ढवळाढवळ करत नाही. बौद्ध पद्धतीच्या मंगल परिणयाला मुहूर्ताची गरज नसते, त्यामुळे गर्दीच्या तिथी सोडून रविवार निवडता येतो आणि तोच हॉल कमी भाड्यात मिळतो. सजावट पांढरी आणि साधी ठेवली की त्या विधीला शोभते.

पाणी

आम्हाला सगळ्यात जास्त काळजी पाण्याची असते, म्हणून इथे थोडं सविस्तर.

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. ते वर्ष ज्यांनी पाहिलं त्यांना वेगळं सांगायला नको. आज परिस्थिती तशी नसली तरी मराठवाड्यातल्या बहुतेक शहरांत नळाला रोज पाणी येत नाही, आणि लग्नसराई नेमकी टंचाईच्या महिन्यांत असते. हॉलवाले "पाणी आहे" म्हणतात. आम्ही टाकी किती लिटरची, बोअरला मे महिन्यात पाणी असतं का, आणि त्याच दिवशी सकाळी दुसरं कार्य आहे का, हे तीन प्रश्न विचारून स्वतः टाकीवर चढून पाहतो.

आमचा हिशेब असा : उन्हाळ्यात माणशी तीन लिटर पिण्याचं पाणी. हजार पाहुण्यांना तीन हजार लिटर, म्हणजे वीस लिटरचे दीडशे जार. भांडी, हात धुणं, स्वच्छतागृह यांसाठी दहा हजार लिटरचा एक टँकर वेगळा, आणि तो आदल्या रात्रीच येऊन उभा राहिलेला हवा. लग्नाच्या सकाळी टँकरची वाट पाहणं आम्हाला मान्य नाही.

छोट्या बाटल्या ठेवल्या की अर्धी पिऊन फेकलेल्या बाटल्यांचा ढीग होतो. पाण्यासाठी रांगा लावणाऱ्या आपल्या भागात ते डोळ्यांना बरं दिसत नाही. म्हणून आम्ही स्टीलचे पेले आणि पाणी द्यायला माणसं ठेवतो. थर्माकोलच्या ताटांना राज्यात 2018 पासून बंदी आहे, तेव्हा ती मागू नका. स्टीलची ताटं धुवायला पाणी लागतं, हे खरं. जिथे पाणी अगदीच कमी आहे तिथे पत्रावळी वापरतो. पाण्याचे कारंजे आणि कृत्रिम धबधबे असलेली सजावट आम्ही मार्च ते जूनमध्ये करत नाही. पैसे जास्त दिले तरी नाही.

ऊन आणि गारा

मेमध्ये पारा चाळीसच्या वर असतो. दुपारच्या लग्नाला पत्र्याचा मांडव नको, कापडी दुहेरी छत हवं, आणि कडेने वाळ्याचे किंवा गोणपाटाचे ओले पडदे. कूलर पाहुण्यांच्या बाजूला आधी, स्टेजला नंतर. म्हाताऱ्या माणसांची आणि लेकुरवाळ्या बायांची बैठक सावलीत, पाण्याच्या जवळ. सरबताऐवजी मठ्ठा किंवा जालन्याच्या मोसंबीचा रस द्या.

फेब्रुवारी-मार्चला लोक सुरक्षित महिने समजतात. 2014 मध्ये याच दोन महिन्यांत मराठवाड्यात झालेली गारपीट शेतकरी विसरलेले नाहीत, आम्हीही विसरलो नाही. उघड्या लॉनचं बुकिंग करताना शेजारी बंदिस्त हॉल आहे की नाही, हे पाहूनच आम्ही होकार देतो.

पंगत की बुफे, आणि ताटात काय

गावाकडे चूलबंद आवतण असेल तर पंगतच. ज्या घरात त्या दिवशी चूल पेटलेली नाही, त्या घरच्या माणसाला हातात ताट घेऊन उभं करणं बरं नव्हे. शहरात बुफे चालतो, पण ज्येष्ठांसाठी पन्नास-साठ पानांची बैठी पंगत वेगळी ठेवा.

पदार्थांची लांबलचक यादी करण्यापेक्षा चार पदार्थ जीव ओतून करावेत, असं आमचं ठाम मत आहे. येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्यांचं पीठ) घातलेली आमटी, वांग्याची भाजी, मऊ पुरी, जिलेबी किंवा बुंदी. येसर घरच्या हातचा असेल तर आमच्या आचाऱ्याकडे द्या, तो मान देऊन वापरेल. नांदेडच्या सीमेवर, धर्माबाद-बिलोली-देगलूरकडे, तेलंगणातून येणारे सोयरे असतात. तिथे भात आणि सांबाराचं प्रमाण वाढवतो, पोळ्या कमी करतो. उदगीर, निलंगा, उमरग्याकडे बिदर-कलबुर्गीचे पाहुणे. तिथल्या लिंगायत कार्यात जंगम स्वामींची वेळ हॉलच्या आधी घ्या.

आवाज

ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. रुग्णालय, शाळा, न्यायालयाच्या सभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र असतं. आम्ही दहाला पंधरा मिनिटं कमी असतानाच आवाज बंद करतो. लातूरच्या शिकवण्यांच्या भागात तर दिवसाही जपावं लागतं. बाहेरगावची हजारो लेकरं तिथे खोल्या करून राहतात, आणि लग्नसराईचे महिने हेच बारावी आणि नीटचे महिने. कोणाच्या तरी लेकराच्या दोन वर्षांच्या मेहनतीवर आपल्या वरातीचा डीजे वाजू नये. त्या भागात आम्ही सनई-चौघडा किंवा संबळ, हलगी सुचवतो. तुळजाभवानी कुलदैवत असलेल्या घरांत पुढे गोंधळ असतोच, तेच गोंधळी वरातीलाही बोलावता येतात.

वयाचा दाखला

नवरी 18 आणि नवरदेव 21 वर्षांचा पूर्ण असल्याचा जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला पाहिल्याशिवाय आम्ही आगाऊ रक्कम घेत नाही. 2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याप्रमाणे यापेक्षा कमी वयात लग्न लावणाऱ्यांना आणि घडवून आणणाऱ्यांनाही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण आम्ही फक्त कायद्याच्या भीतीने विचारत नाही. स्थलांतर, दुष्काळ, मुलीच्या सुरक्षेची काळजी यांतून आपल्या भागात असे निर्णय होतात, हे आम्हाला माहीत आहे. त्या काळजीवर दुसरे उपाय शोधता येतात. कुठे असं लग्न ठरल्याचं कळलं तर 1098 या क्रमांकावर फोन करा.

पहिल्या बैठकीला येताना

पाहुण्यांची अंदाजे संख्या गावांप्रमाणे लिहून आणा : कोणत्या गावचे किती, कशाने येणार, मुक्काम करणार का. सुपारी फुटलेली असेल आणि बस्ता बाकी असेल, तर तेही सांगा, म्हणजे खर्चाचा अंदाज वास्तव राहतो. घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईला बरोबर आणा. मानपान, आहेर, रुखवताची जागा या गोष्टी त्यांनाच नेमक्या ठाऊक असतात आणि नंतरची धावपळ वाचते.

त्यानंतर आम्ही जागा पाहायला येतो, आणि कार्य ज्या वेळेला आहे त्याच वेळेला येतो. दुपारचं लग्न असेल तर दुपारी, म्हणजे ऊन कुठे पडतं, वारा कुठून येतो आणि बाहेर गाड्या किती लागतात, हे तुमच्यासमोरच ठरवता येतं. या भेटीचे पैसे आम्ही घेत नाही.